विषय: मेंदी, दोन वेण्या आणि शाळेचा व्हरांडा

घोडबंदर रोड, ठाण्याहून, मंडळाची जुनी खजिनदार:

नमस्कार मंडळी,

अमेरिकेतलं, न्यू जर्सीतलं एडिसन सोडून ठाण्याला आलो त्याला दीड वर्ष झालं. लेक रुळली का, असं प्रत्येक फोनवर विचारता. रुळली होती. मराठी सुधारलं, वर्गात मैत्रिणी झाल्या, रिक्षावाल्या काकांशीसुद्धा गट्टी जमली.

मागच्या रविवारी तिच्या मामेबहिणीचं लग्न होतं. हौसेने कोपरापर्यंत मेंदी काढून घेतली. सोमवारी प्रार्थनेला बाईंनी तिला रांगेतून बाहेर बोलावलं आणि दोन्ही हात वर करून सगळ्या शाळेला दाखवायला लावले. नंतर दोन तास व्हरांड्यात उभं केलं. केस कुरळे, दोन घट्ट वेण्यांत बसत नाहीत, म्हणून डायरीत आधीच दोन शेरे होते.

संध्याकाळी न्हाणीघरातून बराच वेळ पाण्याचा आवाज येत राहिला म्हणून डोकावले, तर ती भांड्यांच्या घासणीने तळहात घासत होती. सालटं निघाली होती, मेंदी जशीच्या तशी.

मी गणवेशाच्या विरोधात नाही. मला दिवसभर फक्त ते वर केलेले हात दिसतात. शेजारणी म्हणतात, गप्प बस, उद्या तिलाच त्रास होईल. काय करू?

एडिसनहून, निवृत्त मुख्याध्यापिका (मूळ नौपाडा):

बाळ, तुझी मेल सुनेने दोनदा वाचून दाखवली.

ठाण्याच्या अनुदानित मराठी शाळेत मी 31 वर्षं काढली. गणवेशावर माझा आजही विश्वास आहे. गोखले रोडच्या दुकानदाराची मुलगी आणि लोकमान्यनगरच्या चाळीतली मुलगी एका बाकावर बसायच्या, तेव्हा कोणाकडे किती आहे हे फ्रॉकवरून कळत नसे. दोन वेण्यांनाही कारण होतं. एकीच्या डोक्यात उवा झाल्या की आठवड्यात वर्गभर. पण नियम मोडला की आधी कारण विचारायचं असतं. पावसाळ्यात रंगीत कपड्यांत आलेलं मूल बहुतेकदा एकाच जोडाचं असतं, आणि तो जोड घरी दोरीवर ओलाच असतो. सरकारी शाळांत समग्र शिक्षा योजनेतून दोन जोडांसाठी मुलामागे 600 रुपये मिळतात. त्यात काय शिवून होतं, हे शिंप्याला विचार. 2024 मध्ये राज्याने सगळ्यांना एकच गणवेश द्यायचं ठरवलं, तो कित्येक मुलांना वेळेवर मिळाला नाही, मिळाला तर मापाचा नाही. डिसेंबरात ते काम पुन्हा शाळा व्यवस्थापन समित्यांकडे दिलं. मंत्रालयात बसून पोराचं माप घेता येत नाही.

आता जे सांगते ते मी कधी कोणाला सांगितलेलं नाही. 1994 साली नववीतल्या एका मुलाचे वाढलेले केस मी प्रार्थनेच्या रांगेत कात्रीने कापले. आठवडाभर तो आला नाही. मग त्याची आई आली. आजीने जेजुरीला नवस बोलला होता, तिथे जाईपर्यंत केस कापायचे नव्हते. ती माऊली भांडली नाही, सांगितलं आणि निघून गेली. ती भांडायला हवी होती. तू जा. हळू आवाजात बोल, पण जा.

एडिसनहून, दोन मुलांचा बाबा:

बाईंनी लिहिलं त्यानंतर मी काय बोलणार? पण जाताना एक गोष्ट सोबत ने. 2009 च्या शिक्षणहक्क कायद्याचं कलम 17. त्यात शारीरिक शिक्षेबरोबर मानसिक छळालाही मनाई आहे, आणि तो करणाऱ्यावर सेवानियमांनुसार शिस्तभंगाची कारवाई होऊ शकते. मेंदीची नोंद डायरीत करणं हा शाळेचा अधिकार, मान्य. शाळेसमोर हात वर करायला लावणं हा नाही. अर्जात या दोन गोष्टी वेगळ्या लिही, एकत्र केल्यास तर चर्चा मेंदीवरच अडकेल.

इकडे सगळं बरं आहे असंही समजू नकोस. डिसेंबर 2018 मध्ये आपल्याच न्यू जर्सीत एका कृष्णवर्णीय शाळकरी कुस्तीगिराला पंचाने सांगितलं, जटा काप नाहीतर लढत सोड. आखाड्याच्या कडेला, लोकांसमोर त्याचे केस कापले. बरोबर वर्षाने, 19 डिसेंबर 2019 ला, राज्याने केसांच्या ठेवणीवरून भेदभाव करायला बंदी घालणारा कायदा केला. लोक गप्प बसले नाहीत म्हणून झाला तो. कुरळ्या केसांबद्दलही अवश्य बोल.

घोडबंदर रोड, ठाण्याहून:

बाई, काका, काल जाऊन आले. हे पण आले, अर्धी रजा टाकून.

मुख्याध्यापकांनी ऐकून घेतलं. घरातल्या लग्नाची मेंदी असेल तर आधी चिठ्ठी द्या, चालेल म्हणाले. केसांना दोन वेण्यांऐवजी एक घट्ट अंबाडा चालेल. प्रार्थनेचा विषय काढला तेव्हा मात्र "बाईंचा हेतू वाईट नव्हता" एवढंच. मी कलम 17 लिहिलेला अर्ज पुढे ठेवला आणि पोच मागितली. शिक्का मारून मिळाली. शुक्रवारी पुन्हा बोलावलंय, त्या बाईंसमोर.

लेकीला सांगितलं तेव्हा तिने एकच विचारलं, "त्या मला सॉरी म्हणणार, की फक्त तुला?" शुक्रवारी मी हेच विचारणार आहे.