जुन्या फ्रीव्हीलचे दाते बदलावेत का?

चढाईवेडा: माझं मत, फ्रीव्हीलची, म्हणजे मागच्या चाकावर आट्यांनी बसणाऱ्या गिअरच्या गठ्ठ्याची, चक्रं जरूर बदलावीत. १९७०च्या दशकातल्या इटालियन रेसिंग सायकलींना पुढे ५२-४२ आणि मागे १३ ते २१, फार तर २४ दाते. रेस करणाऱ्या पोरांना ते पुरायचं, पण सिंहगडाच्या चढावर ४२-२४ म्हणजे गुडघ्यांची वाट. पुढचं चक्र लहान करावं, तर कॅम्पाग्नोलोच्या क्रँकला (पेडलच्या दांड्याला) बोल्टचं वर्तुळ १४४ मिमीचं, त्यावर ४१ दात्यांच्या खालचं बसतच नाही. मग उरलं मागचंच. मागे २८ लावलं की २७ इंची चाकाला २७ × ४२ ÷ २८, म्हणजे ४०.५ इंची गिअर; आकडा जितका लहान, तितका चढ हलका. २४ला तोच ४७च्या वर. पायाला लगेच कळतं.

आणि यात मूळपणाला धक्का कसला? त्या काळी परदेशातल्या दुकानांत सुटी चक्रं फळीवर टांगलेली असायची, गिऱ्हाईक मागेल तसं फ्रीव्हील जुळवून मिळायचं.

मूळरूप: ती चक्रं कोरी होती! आज हाती येतात ती बहुतेक झिजलेली. त्यावर नवी चेन चढवली की नेमकी चढावर, जोर लावताना दाता सोडते. शिवाय पेडल मारून मारून आटे आवळत गेलेले असतात. चेनचा तुकडा जोडलेले दोन पाने लावून अंगाचा भार द्यावा लागतो, पाना सटकला की रेजिना ओरो या इटालियन फ्रीव्हीलचा सोनेरी मुलामा गेलाच. तो परत कुठून आणणार? चालवायला बाजारातलं नवं १४-२८ घ्या आणि जुनं जपून ठेवा.

चढाईवेडा: नवं बहुतेक सहा किंवा सात गिअरचं असतं. पाच गिअरच्या जुन्या फ्रेमला मागे जागा १२० मिमी, शेवटच्या चक्रावर चेन फ्रेमला घासते. त्या जागेत सहा बसवायला सनटूर या जपानी कंपनीने अल्ट्रा-६ हे अरुंद फ्रीव्हील काढलं होतं, मी तेच शोधतोय.

आटेपाना: दोघेही हबकडे, म्हणजे फ्रीव्हील ज्यावर फिरवून बसतं त्या चाकाच्या मधल्या भागाकडे, बघायला विसरलात. इंग्लिश आट्यांचा व्यास १.३७० इंच, म्हणजे साधारण ३४.८ मिमी, फ्रेंच ३४.७. दिसायला सारखेच. पण चुकीचं फ्रीव्हील जोर लावून फिरवलंत तर ॲल्युमिनियमचा हब कायमचा बाद. आधी हाताने फिरवून बघा, दोन-तीन फेरे सहज गेले नाहीत तर तिथेच थांबा. रेजिनाच्या काही जुन्या बॉडींना (चक्रं ज्यावर बसतात त्या गाभ्याला) मोठी चक्रं मागच्या बाजूने, उलट्या आट्यांनी बसतात. हे माहीत नसताना पाना लावणारे आटेच सोलून काढतात. मागे कॅम्पाग्नोलोचा न्युओवो रेकॉर्ड डिरेलर (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर नेणारा भाग) असेल तर २८चा हट्ट सोडा, २६वर थांबा.

चढाईवेडा: २६ला ४३.६ इंच. चालेल. तरी २४पेक्षा बरंच.

मूळरूप: सनटूर परफेक्ट खूप बनली होती, एक खराब झाली तरी दुसरी मिळेल. तिला हवी तशी जुळवा, माझी हरकत नाही. पण कोऱ्या रेजिनाला पाना लावायला माझा विरोध आहे आणि राहील.