प्रति: फिर्यादीत फक्त 'चांदीची नाणी, अर्धा किलो'

तुमची चांदीची नाणी चोरीला गेली आणि फिर्यादीत फक्त एवढंच लिहिलंय, पण एवढ्यावर ओळख पटत नाही. नाणी सापडली तरी तीच तुमची कशावरून, हा प्रश्न उरतो. तपास अधिकाऱ्यांकडे लगेच पुरवणी जबाब द्या आणि त्यात एकेका नाण्याची खूण लिहा. राणीछाप, म्हणजे व्हिक्टोरिया राणीच्या छापाचा, रुपया ११.६६ ग्रॅमचाच असतो आणि १८६२ हे साल टाकसाळीने १८७४पर्यंत तसंच ठेवलं होतं, म्हणून वजन आणि साल पुरत नाही. मागच्या बाजूचे ठिपके मोजा, कडेवरचा घाव, ओरखडा, डाग लिहा. आपल्या खानदेशात हारातून काढलेले रुपये बरेच. त्यांवरचा कडीचा डाग ही पक्की खूण. जुने फोटो, खरेदीच्या पावत्या जोडा.

खरी घाई वितळवण्याची आहे. मुशीत गेलं की संपलंच. म्हणून आजच फोटो घेऊन जळगाव, भुसावळ, धुळ्याच्या सराफ्यात फिरा. बऱ्हाणपूरही जवळच, ते विसरू नका. ऑनलाइन विक्रीत तुमचं नाणं दिसलं तर स्वतः सौदा करू नका, स्क्रीनशॉट आणि लिंक पोलिसांना द्या.

माल जप्त झाल्यावर न्यायालयात मुद्देमाल परत मिळण्याचा अर्ज करा. बंधपत्रावर, म्हणजे लेखी हमीवर, ताबा मिळू शकतो, पण खटला संपेपर्यंत नाणी विकू नका, घासू तर मुळीच नका.