सुरवंटवाला एरिक कार्ल आधी नक्की काय करायचा?

रात्रपाळीची_आई:
आमच्याकडे गेले दोन महिने रोज रात्री एकच पुस्तक, एरिक कार्लचं 'द व्हेरी हंग्री कॅटरपिलर' (भुकेला सुरवंट रोज काहीतरी खात सुटतो, पानांना खरीखुरी भोकं आहेत, आणि शेवटी त्याचं फुलपाखरू होतं, ते). लेक तीन वर्षांची, तिला भोकात बोट घालायला मिळतं म्हणून हवं असतं आणि माझे शब्द पाठ झालेत त्यामुळे मी नुसती चित्रं बघत बसते. तर दोन प्रश्न. एक, हे रंग केलेत कशाने? वॉटरकलर तर वाटत नाहीत, कडा कात्रीने कापल्यासारख्या आहेत पण आत ब्रशचे फटकारे दिसतात. दुसरा प्रश्न जरा स्वार्थी आहे. मी औषधांच्या खोक्यांची डिझाइनं करते, बारा वर्षं झाली, वय 37, आणि मुलांसाठी चित्रं काढायची खाज काही जात नाहीये. कुठेतरी वाचलं की हा माणूस पण चाळिशीच्या आसपासपर्यंत जाहिरातीतच होता. खरंय का, की आपल्यासारख्यांना बरं वाटावं म्हणून सांगतात असं?

(शनिवारच्या पानावरचं पिकल बघून ती "लोणचं लोणचं" ओरडते आणि मग त्यात कैरी का नाही, अख्खी काकडी का आहे हे रोज समजवायचं.)

कागदकाम:
रंगांचं मी सांगतो, शाळेत चित्रकला शिकवतो त्यामुळे हे पुस्तक वर्गात फाटेपर्यंत वापरलंय. हे कोलाज आहे. पांढरा पातळ टिश्यू पेपर, साधारण आपल्या पतंगाच्या कागदासारखा, त्यावर तो आधी अ‍ॅक्रिलिक रंग द्यायचा. ब्रशने, बोटांनी, स्पंजने, गालिच्याच्या तुकड्याने सुद्धा, म्हणजे रेघोट्या, ठिपके, खरबरीतपणा सगळा कागदावरच तयार. ते वाळले की रंगाप्रमाणे खणांत लावून ठेवायचे, एक खण हिरव्यांचा, एक लालांचा असं. चित्र करायची वेळ आली की त्यातून हवा तो तुकडा शोधायचा, कापायचा आणि वॉलपेपर चिकटवायच्या खळीने जाड बोर्डावर लावायचा. बारीक पाय, केस वगैरे वरून क्रेयॉनने. त्यामुळे तुम्हाला कात्री पण दिसते आणि ब्रश पण.

सुरुवातीला तो बाजारातला रंगीत टिश्यूच वापरायचा पण तो उन्हापाण्याने उडतो म्हणून मग स्वतः रंगवायला लागला. 'ब्राऊन बेअर' ह्या त्याच्या आधीच्या पुस्तकाची चित्रं तर त्याने पुढे नव्याने केली. आमच्या सातवीच्या पोरांनी गोंद पातळ न करता थापला आणि सगळ्या माशांना सुरकुत्या पडल्या, तेव्हा सांभाळून.

जुनाट_पेन्सिल:
जाहिरातीचं खरंय. आणि गंमत म्हणजे तुमच्याच धंद्यातला, औषधांच्या जाहिराती करणाऱ्या एजन्सीत आर्ट डायरेक्टर होता. मुळात जर्मनीत शिकून 1952 ला न्यूयॉर्कला आला तेव्हा खिशात 40 डॉलर. लिओ लिओनीने (तो पण पुढे मुलांच्या पुस्तकांचा मोठा माणूस झाला) ओळख काढून न्यूयॉर्क टाइम्सच्या प्रमोशन विभागात चिकटवून दिलं. मग अमेरिकन सैन्यात सक्तीची भरती आणि पोस्टिंग कुठे तर परत जर्मनीत!! सुटल्यावर मग जाहिराती.

एका जाहिरातीत त्याने लाल लॉबस्टर केला होता, म्हणजे आपली शेवंड, तो बिल मार्टिन ज्युनियर नावाच्या लेखकाने बघितला आणि सांगितलं माझ्या पुस्तकाला हाच माणूस हवा. ते 'ब्राऊन बेअर', 1967. कार्ल तेव्हा 38 चा. दोन वर्षांनी सुरवंट. तो तर कागदांच्या गठ्ठ्याला पंचिंग मशीनने भोकं पाडताना सुचला, आधी पुस्तक खाणारा विली नावाचा किडा होता, संपादक अ‍ॅन बेनेड्यूस म्हणाली किडा नको सुरवंट कर, आणि लगेच ह्याच्या डोक्यात फुलपाखरू आलं. किडाच राहिला असता तर शेवटचं पान काय करणार होता देव जाणे. आणि ती लहानमोठी पानं, भोकं परवडेल अशा भावात छापून द्यायला अमेरिकेत कोणी मिळेना तेव्हा जपानमध्ये छापून घेतलं.

माझं मत, ह्याला उशीर म्हणूच नये. पान उलटायच्या आत नजर धरायची, एका पानात एकच आकार, शब्द कमीत कमी, हे जाहिरातवाला रोज करतो. अख्ख्या सुरवंटात इंग्रजी शब्द 224 आहेत फक्त. तुमच्या खोक्यावर ह्यापेक्षा जास्त असतील.

भर_दुपारी:
पेन्सिल, पटलं नाही. जाहिरातवाले तेव्हा न्यूयॉर्कात ढिगाने होते, कार्ल एकच का झाला? मला वाटतं सगळं त्याच्या लहानपणात आहे. जन्म 1929 चा, अमेरिकेतल्या सिरॅक्यूजचा, पण आईवडील जर्मन आणि आईला घरची ओढ म्हणून 1935 ला स्टुटगार्टला परत, म्हणजे बरोब्बर हिटलरच्या तोंडी. वडील त्याला रानात फिरवायचे, दगड उचलून, साल सोलून किडेमुंग्या दाखवायचे, तेच युद्धावर गेले, रशियनांच्या कैदेत पडले आणि 1947 ला आले तेव्हा वजन उरलं होतं जेमतेम 38 किलो. हा स्वतः पंधराव्या वर्षी खंदक खणत होता. विमानांना दिसू नयेत म्हणून घरं सुद्धा करडी मातकट रंगवलेली. त्यात शाळेतले चित्रकलेचे मास्तर, फ्रिट्झ क्राऊस, त्यांनी ह्याला गुपचूप घरी नेऊन पिकासो, मातीस, फ्रान्झ मार्क वगैरेंची नाझींनी बंदी घातलेली चित्रं दाखवली. पकडले गेले असते तर काय झालं असतं विचार करा. त्यात मार्कचा निळा घोडा होता, आणि कार्लने 2011 ला काढलेलं पुस्तक त्याच निळ्या घोड्यावर आहे, म्हणजे सत्तरेक वर्षं तो घोडा डोक्यात. किडे वडिलांचे, रंग मास्तरांचे. जाहिरातीने फक्त हात चालता ठेवला.

आंबटगोड:
तो पोटदुखीचा किस्सा पण भारी आहे ना, पुस्तकात शनिवारी इतकं खाल्ल्यावर सुरवंटाचं पोट दुखतं, ते दुखायला नको म्हणून कार्ल प्रकाशकाशी कडाक्याचा भांडला होता म्हणे.

जुनाट_पेन्सिल:
आंबटगोड, तो किस्सा खोटा आहे. पॅरिस रिव्ह्यूने 2015 ला एप्रिल फूल म्हणून छापलेली काल्पनिक मुलाखत होती ती, मे 2021 मध्ये कार्ल गेल्यावर लोकांनी खरी समजून भराभर फिरवली, बातम्यांत पण आली.

दुपारी, मास्तरांचं मान्य. पण हात चालता राहणं म्हणजे "फक्त" नसतं हो.

रानवाट:
फुलपाखरं बघत हिंडणारा माणूस आहे म्हणून एक भर. इंग्रजीत ह्या पुस्तकावर बरीच ओरड होते की फुलपाखराचं कसलं ककून, ते पतंगांचं, फुलपाखराचं क्रिसॅलिस असतं. कार्लने काही शब्द बदलला नाही. आपल्याकडे दोन्हीला कोषच म्हणतात त्यामुळे रात्री मराठीत सांगताना ही चूक आपोआप गायब होते 😄 पण मग सुरवंट की अळी ते ठरवा, केसाळ असेल तर सुरवंट, हात लावला की खाजतो. पुस्तकातल्याच्या पाठीवर तुरळक केस आहेत म्हणून मी पण सुरवंटच म्हणतो.

रात्रपाळीची_आई:
सगळ्यांना थँक्यू, इतकं येईल वाटलं नव्हतं. मास्तरांचा भाग वाचून थोडा वेळ काही सुचलंच नाही. काल लेक झोपल्यावर ऑफिसमधून आणलेल्या पॅकिंगच्या टिश्यूवर रंग लावून बघितला, ओला असताना उचलला तर हातातच फाटला, ओट्यावर हिरवा डाग पडलाय तो निघत नाही. कागदकाम सर, वाळेपर्यंत खाली काय ठेवायचं, प्लॅस्टिक चालेल का? आणि खळ गव्हाच्या पिठाची केली तर मुंग्या लागतात का?