शब्द सुचवा: पेटंटच्या रिपोर्टातला 'स्टोरेज कंटेनर' मराठीत काय म्हणायचा?

सदाफुली
मंडळी जरा मदत हवीय. मी पुण्यात एका पेटंट एजंटच्या ऑफिसात काम करते. भोसरीकडचे एक वर्कशॉपवाले काका आमचे क्लायंट आहेत, त्यांनी गोदामात क्रेट नेणारा एक बुटका रोबोट केलाय, म्हणजे रॅकच्या कप्प्यातून क्रेट ओढायचा, पाठीवर घ्यायचा आणि पॅकिंगच्या टेबलापाशी नेऊन द्यायचा. (ओळखू येईल असं काही लिहिलेलं नाही, आणि अर्ज पेटंट ऑफिसने कधीच पब्लिश केलाय.) अर्ज इंग्रजीत आहे कारण तिथे इंग्रजी नाहीतर हिंदीच चालतं, मराठी चालत नाही. आता त्याचा पहिला तपासणी रिपोर्ट आलाय, एफईआर. तो काकांना मराठीत नीट लिहून द्यायचाय कारण उत्तरात मशीनची खरी माहिती त्यांच्याकडूनच येणार, मी काही स्क्रू पिळलेला नाही.

तर पहिल्याच ओळीला गाडी अडली. 'स्टोरेज कंटेनर हलवणारा मोबाइल रोबोट'. कंटेनर म्हटलं की काका म्हणतात ताई तो न्हावाशेव्याला असतो, आपल्याला तेवढं वजन झेपत नाही. मोबाइल म्हणजे फोन. रोबोटला यंत्रमानव म्हणतात खरं पण ह्याला ना हात ना मुंडकं. सुचवा काहीतरी.

नारायणगाव_बायपास
आमच्याकडे कॅरेट म्हणतात. टोमॅटोचं कॅरेट, वीस किलोचं. क्रेटचंच कॅरेट झालंय, मार्केट यार्डात कोणालाही विचारा.

वरणफळ
डबा? पेटी? पेटीत एक अडचण, कोणाला आंब्याची आठवते कोणाला बाजाची आणि कोणाला एक लाख रुपये. खोका तर सुचवतच नाही, हल्ली खोके म्हटलं की राजकारण सुरू होतं.

अँटॉपहिल_लोकल
काकांशी बोलताना बिनधास्त क्रेट म्हणा, कॅरेट म्हणा, पण लिहून देताना तोच शब्द घालू नका, आणि हे शुद्ध मराठीच्या हट्टापायी सांगत नाहीये. दाव्यातला, म्हणजे अर्जात 'एवढं आमचं' असं आखून देणाऱ्या वाक्यातला, शब्द जेवढा रुंद तेवढंच तुमचं कुंपण रुंद, पण तेवढ्याच रुंदीत पेटंट ऑफिसचा परीक्षक 'हे तर आधीच होतं' म्हणायला जुनं काहीही शोधून आणू शकतो. क्रेट लिहिलं तर उद्या दुसरा कोणी झाकणवाला डबा उचलणारं तेच मशीन काढेल आणि म्हणेल आमचा क्रेट नाही बुवा. कंटेनर लिहिलं तर परीक्षक रॅक उचलणारी मशीन पुढ्यात टाकणार.

ह्याचं मला आवडणारं उदाहरण म्हणजे किवा. अमेरिकेतली किवा सिस्टिम्स, 2003 ला मिक माउंट्झने काढली, 2012 मध्ये ॲमेझॉनने 77.5 कोटी डॉलरला घेतली. तो नारिंगी रोबोट शेल्फच्या खाली घुसतो, शेल्फ उचलतो आणि माणसापाशी आणतो, जमिनीवर चौकोनी बारकोड चिकटवलेले असतात ते वाचत जातो. त्यांच्या 2005 ला मंजूर झालेल्या पेटंटच्या नावात शब्द आहे 'इन्व्हेंटरी ट्रे', आणि 2008 ला मंजूर झालेल्या एकाच्या नावात 'इन्व्हेंटरी होल्डर'. ट्रेचा होल्डर झाला! होल्डर म्हणजे माल धरून ठेवणारं काहीही. आणि रोबोट शब्द तर नावात नाहीच, तिथे 'मोबाइल ड्राइव्ह युनिट' आहे. ज्यांचा सगळा धंदाच रोबोटचा ते पेटंटच्या नावात रोबोट म्हणत नाहीत, ह्यातच काय ते समजा.

म्हणून माझं मत: साठवण-पात्र.

वरणफळ
म्हणजे पेटंटला पात्र पात्र :)

सदाफुली
हाहा. पण पात्र म्हटलं की मला देवघर दिसतं. तरी लिहिण्यात बरं वाटतंय, टेबलावर बोलताना क्रेट. मोबाइलचं काय?

गोदाकाठ
फिरता. फिरता दवाखाना, फिरतं वाचनालय, मराठीत केव्हापासून आहे, नवीन काही घडवायची गरजच नाही. 'चल' नको, ते गणितात व्हेरिएबलला वापरतात. 'जंगम' तर अजिबात नको, जंगम मालमत्ता म्हणजे दुसऱ्याने उचलून नेता येते ती, आपणहून चालत जाणारी नव्हे. मोबाइल रोबोटमध्ये नेमका तोच फरक आहे, तो स्वतः जातो.

कोपरखैरणे_शिफ्ट२
मी भिवंडीत गोदामात काम केलंय, आमच्यात दोन नावं होती, एजीव्ही आणि एएमआर. एजीव्ही म्हणजे जमिनीवर पट्टी किंवा चुंबक लावलेलं असतं त्यावरनंच जातं, मधे कोणी हातगाडी सोडली की तिथेच थांबून पीं पीं करत बसतं. एएमआर नकाशा ठेवतं, लेझरने बघतं, बाजूने वाट काढतं. पहिल्याला स्वयंचलित म्हणा दुसऱ्याला स्वायत्त. लोक दोन्हीला स्वयंचलित म्हणतात आणि मग कोटेशन मागवताना भांडणं होतात. काकांचं कोणतं आहे?

सदाफुली
पट्टीवालं. पण दाव्यात 'स्वायत्त' अशा अर्थाचा शब्द टाकलाय आमच्याकडच्या कोणीतरी, भारी वाटतं म्हणून बहुतेक.

अँटॉपहिल_लोकल
भारी वाटतं म्हणून दाव्यात विशेषण घालणं हा आपल्याकडचा जुना रोग. दाव्यात एक शब्द वाढला की कुंपण आत येतं. काकांचं मशीन पट्टीवर चालत असेल तर 'स्वायत्त'ने त्यांचं स्वतःचंच मशीन कुंपणाबाहेर राहायचं. उत्तरात काढता येतो का बघा, पण पेटंट कायद्याचं कलम 59 समोर ठेवून, कारण दुरुस्तीनंतरचा दावा आधीच्या दाव्याच्या आतच बसावा लागतो, आणि मूळ अर्जात नव्हतं ते आत आणता येत नाही. म्हणजे घातलेलं विशेषण काढणं हे घालण्याइतकं सोपं नाही.

ओढाळ
मधेच विचारतो, 'दावा' शब्दानेच माझा गोंधळ झाला. दावा म्हणजे कोर्टातला ना? माझ्या मामांना एजंटने सांगितलं की तुमच्या अर्जात दहा दावे आहेत, तर ते रात्रभर झोपले नाहीत, म्हणाले मी कोणावर केस केली.

गोदाकाठ
हक्कदावा म्हणा मग. 'मागणी'पण वाचलंय पण ते संपाचं वाटतं.

सदाफुली
हक्कदावा छान आहे, घेतला. आता दुसरी अडचण, एक्झामिनेशन. 'परीक्षा अहवाल' लिहिलं तर काकांनी विचारलं मला कुठे जायचंय परीक्षेला, दिल्लीला का.

अँटॉपहिल_लोकल
परीक्षण चालेल, मला 'छाननी' जास्त आवडतं, उमेदवारी अर्जांची छाननी सगळ्यांना माहीत आहे आणि काम साधारण तेच. फक्त काकांना एक सांगा, परीक्षक निकाल देत नाही. परीक्षक शोध घेतो, अहवाल कंट्रोलरला (पेटंट ऑफिसातला निर्णय देणारा अधिकारी) देतो, निर्णय कंट्रोलरचा. आणि ही छाननी आपोआप होत नाही, फॉर्म 18 भरून मागावी लागते. आधी मुदत 48 महिने होती, मार्च 2024 च्या नव्या नियमांनी 31 केली (त्याआधी भरलेल्या अर्जांना जुनी मुदत). बऱ्याच जणांना वाटतं अर्ज टाकला की रांगेत नंबर लागला. नाही लागत.

बाकी आक्षेप काय आहेत ते ढोबळ सांगा, त्या शब्दांवर बोलू. फाइलिंगनंतर काकांनी काही नवी सुधारणा केली असेल तर ती मात्र इथे एक अक्षरही लिहू नका.

ओढाळ
इथे कोण वाचतंय काका, आपण सात जण.

अँटॉपहिल_लोकल
सात लई झाले. ऑटोस्टोर आणि ओकाडोचं भांडण वाचा, ते ह्याच विषयातलं आहे. ऑटोस्टोर नॉर्वेची कंपनी, ओकाडो इंग्लंडची. दोघांचीही रचना अशी की क्रेट एकावर एक रचून घट्ट जाळी करायची, वर रुळांचा चौकटीचौकटीचा पट, त्यावर रोबोट पळतात आणि पट्ट्या खाली सोडून वरून क्रेट खेचून घेतात. खालचा हवा असेल तर वरचे आधी काढून बाजूला ठेवायचे. चाकांचे दोन संच, एक उभं जायला एक आडवं जायला, वळायचं म्हणजे एक संच उचलायचा आणि दुसरा टेकवायचा. आता जुना रोबोट क्रेट आपल्या बाजूला लटकवून न्यायचा म्हणून जागा एका चौकटीपेक्षा जास्त खायचा. मग सुधारणा आली की क्रेट रोबोटच्या पोटातच घ्यायचा, सगळा रोबोट एका चौकटीत मावतो, जास्त रोबोट पळवता येतात. ऐकायला किरकोळ आहे पण पैसा तिथेच आहे.

2020 मध्ये ऑटोस्टोरने ओकाडोवर अमेरिकेत आणि इंग्लंडात पेटंटभंगाचे दावे लावले (हे कोर्टातले, ओढाळ!). लंडनच्या कोर्टात काय निघालं, तर अर्जाच्या आधी, 2010 मध्ये, ही पोटातली रचना रशियाच्या मध्यवर्ती बँकेला दाखवून झाली होती, आणि बँकेवर ती गुप्त ठेवायचं बंधन होतं असं ठरलं नाही. म्हणजे रचना अर्जाआधीच जाहीर झालेली, म्हणून मार्च 2023 मध्ये कोर्टाने पेटंटं अवैध ठरवली. जुलै 2023 ला समेट झाला आणि 20 कोटी पौंड ऑटोस्टोरनेच ओकाडोला द्यायचे ठरले.

शब्दाचा मुद्दा असा की 'जाहीर' म्हटलं की आपल्याला सभा आणि कर्णा दिसतो. पेटंटमध्ये जाहीर म्हणजे गुप्ततेचं बंधन नसलेल्या एकाला जरी कळलं तरी झालं जाहीर. म्हणून काकांना लिहिताना 'जाहीर करू नका' एवढंच नको, 'सही घेतल्याशिवाय गिऱ्हाइकालाही दाखवू नका' असं लिहा.

वरणफळ
ओढाळ, मामांना सांग.

सदाफुली
हे मी तसंच्या तसं लिहिणार आहे. आता आक्षेप, ढोबळ. एक, हक्कदावा 1 'ऑब्व्हियस' आहे. दोन, कलम 3(एफ). तीन, कलम 3(के) कारण एका दाव्यात दोन रोबोट समोरासमोर आले तर कोणी थांबायचं ह्याचा प्रोग्रॅम आहे. ऑब्व्हियसला 'उघड' लिहिलं तर काका चिडले, म्हणाले उघड असतं तर आधी कोणी का नाही केलं.

गोदाकाठ
उघड नकोच. 'सहज सुचण्याजोगं'.

अँटॉपहिल_लोकल
+1. आणि कोणाला सहज, ते लिहायचंच. कायद्यातला तो 'कलेत निष्णात' माणूस म्हणजे चित्रकार नव्हे, त्या धंद्यातला जाणता. भोसरीतला दुसरा चांगला फिटर समजा, ज्याने आधीचं सगळं छापील वाचलंय पण स्वतःची प्रतिभा जेमतेम. त्याला जे सुचेल ते सहज.

ह्यावर आपल्याकडचा पाया म्हणजे सुप्रीम कोर्टाचा 1978 चा बिश्वनाथ प्रसाद विरुद्ध हिंदुस्तान मेटलचा निकाल. मिर्झापूरची पितळी भांडी! लेथवर भांडं धरायच्या पद्धतीचं पेटंट होतं, ते टिकलं नाही, कोर्ट म्हणालं ही वर्कशॉपमधली साधी सुधारणा आहे. काकांना हे जवळचं वाटेल आणि थोडं झोंबेलही. कारण 'आधी कोणी का नाही केलं' हे उत्तर नाही होत. 'आधीच्या मशीनमध्ये असं होत होतं, माझ्यात ह्या भागामुळे असं होत नाही' हे उत्तर होतं.

3(एफ) मध्ये ओळखीच्या वस्तूंची नुसती मांडणी, प्रत्येक वस्तू आपापलं जुनंच काम करतेय, असा आक्षेप असतो. चाक फिरतं, हूक ओढतो, सेन्सर बघतो, मग तुम्ही केलं काय? इथे 'नुसती' ह्या शब्दावर सगळा भार आहे. हुकाने क्रेट ओढला की त्या ओढण्यानेच कुठे चाकं लॉक होतात असं काही असेल तर भाग एकमेकांवर काम करतायत, नुसती मांडणी राहत नाही.

3(के) ला 'निव्वळ'. निव्वळ कॉम्प्युटर प्रोग्रॅम चालत नाही. प्रोग्रॅममुळे मशीन काही वेगळं करत असेल तर वाद घालायला जागा आहे, ती जागा त्या 'निव्वळ'मध्येच आहे, म्हणून तो शब्द गाळू नका.

सदाफुली
लॉकचं तुम्हाला कसं कळलं :O म्हणजे अर्जात आहे ते, पब्लिश झालेल्यात.

अँटॉपहिल_लोकल
उदाहरण दिलं हो. पण असेल तर तेच पुढे करा. आणि अर्जाच्या वर्णनात कंटेनरची व्याख्या काय लिहिलीय ते आधी बघा. बऱ्याचदा लोक लिहून ठेवतात की कंटेनर म्हणजे डबा, ट्रे, पॅलेट, रॅक वगैरे काहीही. मग परीक्षकाने किवा दाखवलं की 'तो रॅक उचलतो, आमचा कंटेनर उचलतो' म्हणायची सोय राहत नाही, तुमच्याच कागदाने तोंड बंद.

सदाफुली
बघितलं. 'वगैरे'च्या आधी पॅलेट आहे, रॅक नाहीये. हुश्श. मग हक्कदावा 1 काकांसाठी असा लिहिलाय, बघा कसा वाटतो:

'साठवण-पात्र नेणारं फिरतं यंत्र, ज्यात निदान एवढं आहे: चाकं असलेली चौकट, पात्र आडवं ओढून घेणारा हूक, आणि चाकांना अडवणारी कळ. खासियत अशी की हूक पात्र ओढू लागला की त्याच हालचालीने कळ पडते, वेगळी मोटर लागत नाही.'

गोदाकाठ
सुरेख. 'निदान एवढं आहे' हे तर फारच चांगलं, 'समावेश असलेले'पेक्षा शंभरपट बरं.

कोपरखैरणे_शिफ्ट२
हे मला पण कळलं राव. आम्हाला क्रेट ओढताना मशीन मागे सरकायचं, पाय लावून धरायचो.

अँटॉपहिल_लोकल
हे पाय लावून धरायचं काकांना सांगा, जुन्या मशीनची अडचण काय होती हे उत्तरात लिहिताना कामाला येईल. आणि 'निदान' ठेवाच, त्याने दुसऱ्याने आणखी दोन भाग जोडले तरी तो कुंपणाच्या आतच राहतो.

ओढाळ
शेवटचा प्रश्न, मामांच्या पत्रात 'अबँडन्ड' लिहिलंय. म्हणजे फेटाळला का?

अँटॉपहिल_लोकल
नाही, आणि हा फरक महागाचा आहे. फेटाळला म्हणजे कंट्रोलरने ऐकून घेऊन कलम 15 खाली नाही म्हटलं, त्यावर हायकोर्टात अपील करता येतं. हा म्हणजे मुदतीत उत्तर आलं नाही म्हणून 'सोडून दिला असं मानलं', कलम 21, त्यावर साधं अपील नाही, रिट करत बसा. मामांचं पत्र घेऊन आजच कोणाकडे तरी जा. सदाफुली, तुमचे सहा महिने रिपोर्ट निघाला त्या तारखेपासून धरा, काकांना मराठी प्रत मिळाली त्या तारखेपासून नाही. मुदत वाढवून मिळते, पण फॉर्म 4 भरून, पैसे भरून.

सदाफुली
तारीख कॅलेंडरवर लाल केलीय. काका उद्या येतायत, क्रेट घेऊन.