शेव, मिरची, डाळ, वेफर्स : आत काय घातले जाते, हे जवळून पाहिलेल्यांचे अनुभव

नंदुरबारच्या पथारीवर मिरची वाळते, जळगावच्या मिलमध्ये डाळ भरडली जाते, रावेर-यावलची केळी देशभर जातात आणि धुळ्यापासून भुसावळपर्यंत गावोगावी शेव तळणारी भट्टी असते. तयार खाद्यपदार्थ कसे बनतात हे सांगू शकणारी माणसे खान्देशात आपल्या आजूबाजूलाच आहेत. तरीही आपण घाबरतो ते मोबाइलवर फिरणाऱ्या प्लास्टिकच्या तांदळाच्या चित्रफितींना. म्हणून असे अनुभव लिहून पाठवण्याचे हे आवाहन. स्वतः पाहिलेले किंवा केलेले तेवढेच लिहावे, कोणत्याही दुकानाचे वा कारखान्याचे नाव घेऊ नये, आणि कायद्याने गुन्हा ठरणारी भेसळ व कायद्यात बसणारी, पण गिऱ्हाइकाला सहसा न सांगितली जाणारी पद्धत यांची सरमिसळ करू नये, एवढीच विनंती आहे. या दुसऱ्या प्रकाराबद्दल आपण फार कमी बोलतो, असे माझे मत आहे.

नंदुरबार, मिरचीच्या व्यापारातून निवृत्त

पथारीवरची मिरची वाळत आली असताना अवकाळी पाऊस झाला की माल डागी होतो. डागी माल कोणी फेकून देत नाही. तो स्वस्तात उचलला जातो आणि दळून मिरची पुडीत जातो, कारण अख्ख्या मिरचीवर दिसणारा डाग पुडीत दिसत नाही. देठांसकट दळले की वजन वाढते, पण रंग उतरतो, आणि उतरलेला रंग परत आणण्याच्या खटपटीत खरी गडबड होते. पुडीला खाद्यतेल चोळले की ती गडद आणि चकचकीत दिसते. हे तेल वजनाच्या २ टक्क्यांपर्यंत, पाकिटावर तसे छापले असेल तर, नियमात बसते. सुदान नावाचे रंग मात्र कोणत्याही प्रमाणात चालत नाहीत, कारण ते मेण, तेल आणि पॉलिश रंगवण्याचे औद्योगिक रंग आहेत. २००५ साली ब्रिटनमध्ये सुदान-१ आढळल्यामुळे शेकडो पदार्थ दुकानांतून मागे घ्यावे लागले, आणि त्याचा माग भारतातून गेलेल्या मिरची पुडीपर्यंत लागला होता. त्यानंतर निर्यातीच्या मालाची तपासणी कडक झाली. स्थानिक बाजारातल्या सुट्या पुडीबद्दल तसे म्हणण्याचे धाडस मी करणार नाही.

घरोघरी केली जाणारी पाण्याची परीक्षा, म्हणजे पेल्यात पूड टाकून रंगाचे ओघळ पाहणे, ही पाण्यात विरघळणाऱ्या रंगांपुरतीच कामाची आहे. सुदान तेलात विरघळतो, त्यामुळे तो या परीक्षेत सहीसलामत सुटतो. तेलात रंग उतरला म्हणून भेसळ, असेही म्हणता येत नाही, कारण मिरचीचा स्वतःचा रंगही तेलातच उतरतो. प्रयोगशाळेशिवाय याचा निकाल लागत नाही. म्हणून मी अजूनही अख्खी मिरची घेऊन, देठे काढून, समोर उभा राहून दळून आणतो.

धुळे, फरसाणच्या भट्टीवर कारागीर

मिरचीवाल्या नानांनी लिहिलेले वाचले, आता शेवेबद्दल लिहितो, कारण शेवभाजी आपल्याकडे ढाब्यापासून लग्नाच्या पंगतीपर्यंत सगळीकडे चालते. बेसन म्हणजे फक्त हरभऱ्याच्या डाळीचे पीठ, असे मानक सांगते. हरभरा महागला की मात्र त्यात पिवळ्या वाटाण्याचे किंवा मक्याचे पीठ येते. अशी शेव कडक होते, रश्श्यात टाकल्यावर वेगळी वागते, आणि फिकट दिसते म्हणून तिला रंग लागतो. त्यासाठी वापरला जाणारा मेटॅनिल यलो हा औद्योगिक पिवळा रंग खाद्यपदार्थात घालायला मुळीच परवानगी नाही. बेसन किंवा हळदीच्या पाण्यात हायड्रोक्लोरिक आम्लाचे थेंब टाकल्यावर गुलाबी रंग आला आणि जास्त पाणी घातल्यावर गेला तर तो हळदीचा. टिकून राहिला तर मेटॅनिल यलोचा संशय घ्यावा. हे आम्ल हाताळणे जपूनच करावे लागते.

माझी मोठी तक्रार तेलाबद्दल आहे. कढई कधी रिकामी होतच नाही. तेल कमी झाले की वरून नवे घालतात आणि तळाचे जुने तसेच राहते. तळणाच्या तेलातील पोलर संयुगे, म्हणजे तेल पुन्हा पुन्हा तापवल्याने त्यात साचणारे खराब घटक, २५ टक्क्यांपेक्षा जास्त झाली तर ते तेल वापरू नये, हा नियम १ जुलै २०१८ पासून लागू आहे. ते मोजण्याचे यंत्र मी काम केलेल्या कोणत्याही भट्टीवर पाहिले नाही. तेल दाट झाले, फेस धरू लागला, धूर लवकर निघू लागला, की मालकाच्या लेखी ते "आता जरा बदलू" इतकेच असते.

जळगाव, डाळमिल

तुरीला तेल आणि पाणी लावून मुरत ठेवणे ही साल सुटावी यासाठीची जुनी प्रक्रिया आहे, तिला भेसळ म्हणू नये. प्रश्न येतो तो भरडल्यानंतरच्या पॉलिशचा, जे निव्वळ चमकेसाठी असते. त्यात तेल किंवा पाणी वापरले तर एक वेळ चालेल, संगजिऱ्याची भुकटी वापरली तर चालणार नाही. गंमत अशी की एक काम कमी केलेली बिनपॉलिशची डाळ पाकिटात जास्त भावाने विकली जाते.

अमळनेर, निवृत्त रसायनशास्त्र शिक्षक

आमच्या गावाचा या विषयाशी जुना संबंध आहे. आज संगणक क्षेत्रासाठी ओळखली जाणारी विप्रो १९४५ साली इथे वनस्पती तूप बनवणारी कंपनी म्हणून सुरू झाली. द्रव तेलात निकेलच्या साहाय्याने हायड्रोजन मिसळून ते घट्ट करायचे, ही त्यामागची रीत. वनस्पती तूप साजूक तुपात मिसळले जाईल ही भीती सरकारला असल्याने त्यात तिळाचे तेल घालणे सक्तीचे होते. हायड्रोक्लोरिक आम्ल आणि फरफ्यूरल यांच्यासह तीळतेल लाल रंग देते, त्यामुळे चोरी पकडता येई. वर्गात हा प्रयोग मुलांना फार आवडत असे.

वनस्पतीचा खरा दोष मात्र पुढे उघड झाला. अर्धवट हायड्रोजनीकरणात ट्रान्स मेदाम्ले तयार होतात आणि ती हृदयविकाराचा धोका वाढवतात. आपल्याकडे तेल आणि स्निग्ध पदार्थांत त्यांची मर्यादा जानेवारी २०२१ पासून ३ टक्के आणि जानेवारी २०२२ पासून २ टक्के झाली. इतकी वर्षे वनस्पती तुपातली खारी, नानकटाई आणि टोस्ट यांतून आपण जे खाल्ले ते त्या-त्या वेळी पूर्णपणे कायदेशीर होते.

सावदा, केळीचे वेफर्स

बहुतेक ठिकाणी तळण पाम तेलात होते. काप काळे पडू नयेत म्हणून ते सल्फाइट या रंग टिकवणाऱ्या रसायनाच्या पाण्यातून काढण्याची पद्धत आहे. दम्याच्या काही रुग्णांना सल्फाइटचा त्रास होतो, म्हणून त्याचा उल्लेख पाकिटावर हवा. रस्त्यावरच्या सुट्या पिशवीवर अर्थातच काही लिहिलेले नसते. केळी पिकवण्यासाठी कार्बाइडला बंदी आहे आणि नियंत्रित इथिलीन वायूला परवानगी आहे, हा फरकही लक्षात ठेवावा.

पाचोरा, बचत गटातील एक ताई

कुरडईसाठी आम्ही गहू भिजवून, रोज पाणी बदलून, चीक काढतो. त्या कुरडईचा रंग किंचित मळकट असतो. व्यापारी भाऊ म्हणतात, "ताई, पांढरी द्या, पांढरीच खपते." तशी पांढरी कुरडई मैदा आणि मक्याच्या तयार स्टार्चपासून एका दिवसात होते. त्यात विषारी काही नाही, पण तिला गव्हाची म्हणून विकणे आम्हाला पटत नाही.

शहादा, किराणा दुकानदार

पाकिटावरचे घटक वजनाच्या उतरत्या क्रमाने छापावे लागतात, एवढे एक कळले तरी पुष्कळ उलगडते. लहान मुलांच्या "पौष्टिक" पेयात दुसऱ्या-तिसऱ्या क्रमांकावर साखर किंवा माल्टोडेक्स्ट्रिन, म्हणजे स्टार्चपासून बनवलेली पूड, दिसते. ब्राऊन ब्रेडमध्ये पहिला घटक मैदा आणि शेवटी कॅरॅमल रंग, असेही आढळते. साध्या आइस्क्रीममध्ये दुधाची स्निग्धता किमान १० टक्के असावी लागते; फ्रोझन डेझर्टमध्ये तिच्या जागी वनस्पती तेल असते, आणि दोन्ही माझ्या एकाच फ्रीजमध्ये शेजारी असतात.

ॲनालॉग पनीर म्हणजे दुधाच्या स्निग्धतेऐवजी वनस्पती तेल वगैरे वापरून केलेले, पनीरसारखे दिसणारे उत्पादन; त्याचे मोठे गिऱ्हाईक घरे नसून हॉटेले आणि केटरर आहेत. पाकिटावर ते दुधाचे नाही असे लिहिलेले असले तरी ताटातल्या तुकड्यावर काहीच लिहिलेले नसते. त्यामुळे लग्नाचे कंत्राट देताना कागदावर नुसते पनीर न लिहिता "दुधाचे पनीर" असे लिहून घ्यावे आणि माल उतरताना पाकिटे पाहावीत, असे मी ओळखीच्यांना सांगतो.