मदत हवी आहे: वछेरी मागचे पाय हातात देत नाही, पावसाळ्याआधी खुरं तासायची आहेत

नमस्कार मंडळी,

गिरणारे भागात आमची द्राक्षबाग आहे. गेल्या दत्तजयंतीला सारंगखेड्याच्या बाजारातून एक मारवाडी वछेरी (तरुण घोडी) आणली, ती आता पावणेदोन वर्षांची होत आली. शर्यत नाही, वरात नाही, नाचवणं तर मुळीच नाही. घरच्यांची हौस आणि पुढेमागे रपेट, एवढाच हेतू.

स्वभावाने गुणी आहे. मोरकी (तोंडावरची दोरी) घालू देते, खरारा करताना डोळे मिटून उभी राहते, बागेत ब्लोअर चालू असला तरी शेजारून निमूट जाते. पुढचे पाय मागितले की देते. गाडं अडलंय ते मागच्या पायांवर.

पुठ्ठ्यावर (कमरेमागच्या गोल भागावर) हात ठेवला तर काही नाही. हात मांडीवरून सरकत ढोपराच्या वाकणाशी आला की आधी शेपटी आवळते, मग कान मागे जातात आणि त्या पायाचं खूर नुसतं टोकावर टेकतं. तरीही हात काढला नाही तर लाथ. नुसती धमकी नव्हे, नेम धरून. पाण्याच्या पत्र्याच्या टाकीला पोचा आलाय तो तिचाच प्रसाद. डाव्या पायाला हे जास्त. त्याच पायाच्या खुराच्या वर, सांध्याभोवती, पांढऱ्या केसांचा बारीक पट्टा आहे. बाकी पाय काळे, त्यामुळे तो उठून दिसतो. दोराने कधीतरी कातडं सोलवटलं असणार. आमच्याकडे येण्याआधीची गोष्ट. विकणाऱ्याने अर्थातच चकार शब्द काढला नव्हता.

आता अडचण अशी की खुरं वाढलीत. मागची दोन्ही टोकाला लांबून कडेने चिरायला लागलीत. पावसाळा तोंडावर आहे, आणि त्र्यंबककडचा पाऊस आमच्याकडे चांगलाच उतरतो. एकदा का गोठ्यापुढे चिखल झाला की खुरं रोज साफ करावीच लागणार.

गावात येणारे कारागीर बैलांना पत्र्या (नाल) मारणारे. हात चांगला आहे त्यांचा. बैल पाडून, चारी पाय आवळून झरझर काम उरकतात. वछेरीकडे बघून म्हणाले, "पाडू की, त्यात काय!" मी नको म्हटलं. जिला दोराचीच धास्ती आहे तिला दोरानेच खाली आपटायचं, तर पुढच्या वेळी ती जवळ तरी येऊ देईल का?

बागेची खरड छाटणी उरकली आहे, त्यामुळे सकाळ-संध्याकाळ वेळ देता येतो. पण सवय लागेपर्यंत खुरं थांबतील का? की एकदा काहीही करून तासून घ्यावीत आणि मग निवांत शिकवावं? आणि हात ठेवल्यावर लाथ आली तर नेमकं काय करायचं? हात काढावा की तसाच ठेवावा? मला खरं तर हाच प्रश्न सगळ्यात मोठा वाटतोय.

जुना टांगेवाला:

आमच्या घरी पंचवटीत टांगा होता. लाथ मारणाऱ्या जनावराचा पुढचा पाय उचलून धरायचा, म्हणजे तीन पायांवर उभं राहिल्यावर ते लाथ मारत नाही. वडील असंच करायचे. पाडू नका हे बरोबर. घोडं पडताना पाठ किंवा मांडी दुखावली तर ते कायमचं.

गुरांचा डॉक्टर:

टांगेवाले काका, पुढचा पाय उचलून मागच्या पायाला मलमपट्टी करायची असेल तर तो उपाय कामाचा आहे, पण भरवसा धरू नका. तशाही अवस्थेत लाथ मारणारी घोडी मी पाहिली आहे. शिवाय इथे मागचा पाय उचलायचाच आहे, मग ती उभी कशावर राहणार?

धागाकर्ते, शिकवण्याआधी दुखणं आहे का ते बघा. एकाच पायाला जास्त विरोध असेल तर नेहमी ही शंका घ्यावी. डावा पाय उचलताना सगळा भार उजव्यावर जातो, त्यामुळे दुखणं उजव्या पायातही असू शकतं. सपाट जागेवर चालवा, लहान गोलात दोन्ही बाजूंनी वळवा, मागे सरकवा. एखादं पाऊल आखूड पडतंय का, खुराचं टोक जमिनीला घासतंय का, पाय मागे ताठ अडकून मग झटक्याने सुटतोय का? शेवटचं दिसलं तर मांडीच्या सांध्याची वाटी अडकते आहे. वाढत्या वयाच्या बारीक जनावरांत हे होतं, आणि अशा वेळी पाय दुमडायला लावणं म्हणजे छळ.

खुरांचं म्हणाल तर ती महिन्याला साधारण ६ ते १० मिलिमीटर वाढतात. म्हणून ६ ते ८ आठवड्यांनी तासायची पद्धत आहे. चीर फक्त खालच्या कडेला असेल आणि ती लंगडत नसेल तर काही आठवडे थांबल्याने आभाळ कोसळत नाही. चीर वर केसांच्या रेषेकडे चढत असेल तर मात्र थांबू नका. तेव्हा डॉक्टरला बोलावून उभ्या उभ्या गुंगीचं इंजेक्शन देऊन एकदाच काम उरकावं. पण दोन गोष्टी लक्षात असू द्या. गुंगीतलं घोडं डुलत असतं आणि अचानक लाथही मारतं. आणि गुंगीत झालेलं काम म्हणजे शिकवण नव्हे. दुसऱ्या दिवशी ती होती तिथेच असेल. धनुर्वाताची लस झाली नसेल तर आधी ती घ्या. घोड्याला धनुर्वात फार लवकर होतो आणि खुराची जखम हे त्याचं नेहमीचं दार.

माळावरचा:

तुमच्या मोठ्या प्रश्नाचं उत्तर: लाथ आली म्हणून हात काढलात तर तिला कळलं की लाथ मारली की सुटका होते. पण हात तसाच ठेवून लाथ खायची, हेही शहाणपण नाही. म्हणून सुरुवातीला हात वापरूच नका.

एक लांब वेताची काठी घ्या, टोकाला जुना हातमोजा चिंध्या भरून बांधा. खांद्याजवळ उभं राहून त्या मोज्याने पाठ, पुठ्ठा, मांडी असं खाली चोळत या. जिथे शेपटी आवळते तिथे थांबा. चोळणं चालू ठेवा, जोर वाढवू नका, ओरडू नका. तिने लाथ झाडली तरी मोजा तिथेच. ज्या क्षणी खूर पूर्ण टेकेल किंवा ती मोठा श्वास सोडेल, त्या क्षणी मोजा काढा आणि दोन पावलं मागे व्हा. सगळं शिक्षण त्या काढण्यात आहे. तुम्ही क्षणभर उशिरा काढलात आणि तेवढ्यात तिने परत पाय झाडला, तर तुम्ही चुकीची गोष्ट शिकवली. एका वेळी पाच-दहा मिनिटं पुरे, आणि शांत असतानाच सोडा.

मोज्याला ती कंटाळली, म्हणजे लक्षच देईनाशी झाली, की हात. उभं राहण्याची जागा महत्त्वाची: पुठ्ठ्याला खेटून, तोंड शेपटीकडे, एक हात पुठ्ठ्यावर. खेटून उभं राहिलं तर लाथेला जोर धरायला जागा मिळत नाही, हातभर लांब उभ्या माणसाला ती पूर्ण ताकदीने बसते. दावं धरणारा माणूस तुमच्याच बाजूला हवा. गडबड झाली तर तो तिचं तोंड स्वतःकडे ओढतो आणि मागचं अंग तुमच्यापासून लांब जातं. तो पलीकडे उभा असला तर पुठ्ठा नेमका तुमच्या अंगावर येतो. दावं खुंट्याला आखूड बांधून हे करू नका, सिमेंटच्या कोब्यावरही नको.

पहिल्यांदा पाय उचलेल तेव्हा चार बोटं वर, पोटाच्या दिशेने पुढे, आणि तिने मागायच्या आत खाली ठेवायचा. टाकायचा नाही, ठेवायचा. पुढे जमलं की मग मागे न्यायचा, आणि तोही खालीच. आपण सोयीसाठी पाय बाहेरच्या बाजूला ओढतो, तिथे कोवळ्या सांध्यांना ताण बसतो आणि जनावर झटका देतं. लोक त्याला खोड म्हणतात.

दोराची धास्ती वेगळी काढावी लागेल. रुंद, मऊ सुती पट्टा घ्या, गाठ मारायची नाही, नुसता पायामागून घालून दोन्ही टोकं हातात धरायची. पण हे महिनाभर नंतरचं.

धागाकर्ता:

सगळ्यांचे मनापासून आभार. आज दोन्ही बाजूंनी वळवून पाहिली. पाऊल आखूड पडत नाही, टोक घासत नाही, पाय अडकतही नाही. चीर खालच्या कडेलाच आहे, बोटाच्या पेराएवढी. तरी लसीसाठी सरकारी दवाखान्यातल्या डॉक्टरांना सांगितलंय, ते आले की पायही दाखवतो.

मोज्याची काठी संध्याकाळी लगेच केली. डॉक्टरसाहेबांचं वाचून एक गोष्ट बघितली: उजवा पाय मागताना ती उजव्यावरच भार देऊन उभी असते. तिला हलकं पुढे ढकलून चारही पाय नीट टेकवल्यावर शेपटी आवळणं बरंच कमी झालं. म्हणजे थोडा भाग भीतीचा आणि थोडा नुसत्या तोलाचा असावा का?

आणि गूळ द्यावा की नाही? घरातली पोरं सारखी खिशात खडा घेऊन फिरतात.

माळावरचा:

तोलाचा असतोच. पाय मागण्याआधी ती चौरस उभी आहे का हे रोज बघा, निम्मी भांडणं तिथेच मिटतात.

गूळ द्या, पण पाय हातात असताना नको. नाहीतर ती मान मागे वळवून खिसा हुंगत बसेल आणि तोल जाईल. पाय खाली ठेवला, ती उभी राहिली, मग दावं धरणाऱ्याने द्यायचा, तोही हरभऱ्याएवढा. गाजराचा तुकडा जास्त बरा. पोरांना मात्र मागच्या बाजूला फिरकू देऊ नका. अगदी मागे उभं असलेलं माणूस घोड्याला दिसत नाही.

जुना टांगेवाला:

कानशीचा आवाजही आधीच ऐकवून ठेवा. आमची घोडी माणसाला घाबरायची नाही, पण कानस खुरावर घासली की उडायची. दगडाने खुरावर हलकं टकटक करत चला, पुढच्या पायापासून. आणि कारागिराला पहिल्या खेपेला फक्त पुढचे दोन पाय द्या. मागच्या पायांना त्याने नुसता हात लावून जावं, त्याचे पैसे द्यावे लागले तरी द्या.

धागाकर्ता:

हे पटलं. पुढचे पाय आत्ता, मागचे तयार झाल्यावर.

फक्त कारागीर हवा. नाशिक, देवळाली, सिन्नर किंवा घोटीकडे घोड्याची खुरं उभ्याने तासणारं आणि अर्धं काम करून परत जायला तयार असणारं कोणी माहितीत असेल तर कृपया व्यनि (व्यक्तिगत निरोप) करा. वरातीची घोडी ठेवणाऱ्यांकडे उद्या विचारतोच आहे, पण लग्नसराईत त्यांच्या माणसांना सवड मिळेल असं वाटत नाही. येण्याजाण्याचा खर्च मी देईन.