रात्रपाळीची तिसरी दीदी: खाटेखाली संवेदक आले म्हणून ती कमी करावी का?

राजेंद्रनगरकर (विश्वस्त):
इंदूरमधील आमच्या न्यासाच्या वृद्धनिवासात सध्या तीस जण राहतात. होळीआधी भगोरिया हा आदिवासी मेळा भरला की झाबुआ-अलीराजपूरकडच्या दीदी, म्हणजे आमच्या सेविका, गावी जातात, रंगपंचमीला गेर, म्हणजे रंगांची मिरवणूक, निघते तेव्हा शहरातलेही कोणी येत नाही आणि सोयाबीन काढणीला पुन्हा तीच ओढाताण होते. गेल्या वर्षापासून आम्ही पाळ्या मोबाइलवर लावतो. रजा आधी नोंदवायची असते, रिकामी पाळी सर्वांना दिसते आणि जास्तीच्या पैशांवर ती कोणीही मागून घेऊ शकते. त्यामुळे ऐन वेळी माणसे पुरवणाऱ्या ब्युरोकडून अनोळखी माणूस आणून त्याला कोणाचे काय पथ्य आहे हे शिकवत बसण्याची वेळ आता क्वचितच येते. औषधांची नोंदही फोनवरच होत असल्याने पाळी बदलताना चार्ज देण्यासाठी वहीत जाणारा अर्धा तास वाचला. आता खाटेखाली बसवायचे संवेदक घेण्याचा प्रस्ताव आहे. माणूस उठून बसला की दीदीच्या फोनवर गजर होतो. त्यांच्या भरवशावर रात्री तिघींऐवजी दोघी ठेवाव्यात, असे माझे मत आहे.

रात्रपाळी (परिचारिका):
मोबाइलवरच्या पाळ्यांबद्दल माझी तक्रार नाही, पण पुढचे गणित मला पटत नाही. तीस जणांपैकी अकरा जणांना स्वतः कूस बदलता येत नाही असे धरू. शय्याव्रण होऊ नयेत म्हणून त्यांना दर दोन तासांनी वळवायचे, चादर ओली असेल तर बदलायची, टाचा टेकू नयेत म्हणून पोटऱ्यांखाली उशी सरकवायची. हे एकटीने केले तर त्यांची कातडी ओढली जाते आणि आपली कंबर जाते, म्हणून दोघी लागतात. एकेकाला दहा मिनिटे धरली तरी 110 मिनिटे होतात आणि 120व्या मिनिटाला पहिल्या आजोबांची वेळ पुन्हा आलेली असते. अशा वेळी दुसऱ्या टोकाच्या खोलीतून गजर आला, तर अर्ध्या कुशीवर घेतलेल्या आजींना सोडून धावायचे कोणी? मी पूर्वी जिथे काम करत होते तिथे नुसती हालचाल झाली तरी गजर वाजत असे. महिन्याभरात आमच्या कानांना त्याची सवय झाली, आणि एका पहाटे एक आजी न्हाणीघराच्या उंबऱ्याशी पडलेल्या सापडल्या. 2012 साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासातही रुग्णालयात खाटेच्या गजरांचा वापर वाढवून पडण्याचे प्रमाण घटले नव्हते. गजर फक्त बोलावतो, उचलत नाही.

हिशोबनीस:
ताईंचा अनुभव मोलाचा आहे, परंतु न्यास देणग्यांवर चालतो हेही विसरता येणार नाही. एक जागा दिवसरात्र भरायची तर आठवड्याचे 168 तास होतात आणि एक माणूस 48 तास काम करतो, म्हणजे साडेतीन पगार. रजा धरल्या तर चार. केवळ रात्रीची जागा घेतली तरी एका पगारात ती भागत नाही. उद्या पैसे संपले, तर तिघीच काय, निवासच राहणार नाही. जपानमध्ये 2000 पासून वृद्धसेवेचा सक्तीचा विमा आहे, आणि तिथेही 2024 मध्ये अशी साधने वापरणाऱ्या काही निवासांना तीन जणांमागे एकाऐवजी 0.9 कर्मचारी ठेवण्याची मुभा मिळाली. आपणच एवढे सोवळे का पाळावे?

खोली क्रमांक नऊ:
मी तिथेच राहतो, म्हणून दोन वाक्ये. बेल दाबल्यापासून कोणी येईपर्यंत किती मिनिटे गेली, याची नोंद यंत्राला ठेवता येत असेल तर संवेदकाआधी ती ठेवावी. आणि दीदीने गोळी माझ्या हातावर ठेवताना फोनकडे न पाहता माझ्याकडे पाहावे, कारण मागे एकदा तिने नोंद केली आणि गोळी तिच्याच खिशात राहिली.

सुदामानगर:
हिशोबनीस यांनी जपानचा अर्धाच नियम सांगितला. त्या मुभेनुसार तीस जणांमागे दहाऐवजी नऊ माणसे होतात, तीही सगळ्या पाळ्या मिळून, आणि आधी प्रत्यक्ष प्रयोग करून सेवेचा दर्जा घसरला नाही व उरलेल्यांवरचा भार वाढला नाही हे दाखवावे लागते. येथे रात्रीच्या तिघींतली एक, म्हणजे थेट तिसरा हिस्सा, आणि तोही प्रयोगावाचून काढायचा आहे. उदाहरण घ्यायचेच तर अमेरिकेचे घ्यावे. तिथल्या शुश्रूषागृहांना 2016 पासून रोजचे कामाचे तास पगारपत्रकाच्या आधारे सरकारला कळवावे लागतात आणि ते आकडे लोकांना पाहता येतात. आपल्या ॲपमध्ये हजेरी आहेच. कोणत्या रात्री प्रत्यक्षात किती जणी होत्या हे महिन्याच्या शेवटी फलकावर लावायला काय हरकत आहे? मला तर शंका आहे की कागदावरच्या तिघी आजही पुष्कळ रात्री दोघीच असतात.

राजेंद्रनगरकर (विश्वस्त):
शंका रास्त निघाली. नोंदी उघडून पाहिल्या, तर गेल्या महिन्यात सात रात्री दोघीच होत्या आणि हे मला ठाऊक नव्हते. तेव्हा संवेदक रात्री उठून फिरणाऱ्या सहा जणांच्याच खाटांना लावू, तिसरी दीदी तीन महिने तशीच राहील आणि बेलची मिनिटेही मोजली जातील. संख्या कधीच कमी करू नये, हे मात्र मी अजून मान्य केलेले नाही. मिनिटे पाहून पुन्हा बोलू. तोवर भगोरियाच्या आठवड्यातल्या दोन रात्री ॲपवर रिकाम्या दिसत आहेत. ताई, त्यातली एक आपण घ्याल का?